पॅड मिळालं, पण वाळवायचं कुठे? युगांडातलं एक प्रकरण

लुगांडा भाषेत पाळीचं नाव सहसा थेट घेत नाहीत. बाई ‘एन्सोंगा’त आहे, असं म्हणतात. एन्सोंगा म्हणजे कारण, बाब, मुद्दा. आपल्याकडे ‘मला अडचण आहे’ म्हणून बाई देवघराच्या उंबऱ्यावरूनच मागे फिरते, त्याच जातीचा हा शब्द. मुलगी वयात आली की तिला चार गोष्टी समजावून सांगायचं काम तिथे परंपरेनं आईचं नसतं, ‘सेंगा’चं असतं. सेंगा म्हणजे बापाची बहीण, आपली आत्या. आत्या जवळच्या गावात असली आणि मोकळं बोलणारी असली तर मुलीचं बरं चालतं. पण दक्षिण युगांडातला मसाका आणि राकाई हा सगळा पट्टा १९८० च्या दशकात एड्सच्या साथीत होरपळलेला. कुणाची आत्या त्यात गेली, कुणाची पोटापाण्यासाठी राजधानी कंपालात. मग उरते वर्गातली वर्षभरानं मोठी मैत्रीण, आणि तिलाही तितपतच ठाऊक असतं.

याच मसाका भागात किटेन्गेसा नावाचं गाव आहे. कंपालाहून नैऋत्येकडे निघालं की वाटेत विषुववृत्त ओलांडावं लागतं, साधारण सव्वाशे किलोमीटरवर मसाका शहर येतं आणि तिथून थोडं आत हे गाव. केळीच्या बागा, कॉफी, लाल माती आणि गावकीचं एक वाचनालय. इथे २०१० मध्ये सोफिया आणि पॉल ग्रिनवाल्ड्स या जोडप्यानं धुऊन पुन्हा वापरायचे पॅड शिवण्याचा उद्योग सुरू केला. नाव ‘आफ्रिपॅड्स’. सुरुवात गावातल्या मोजक्या बायका आणि शिलाई मशीन एवढ्यावर झाली. पुढे हा उद्योग पूर्व आफ्रिकेतला या मालाचा मोठा उत्पादक झाला. शिवणारे हात अजूनही बहुतेक बायकांचेच.

मी या प्रकरणाकडे वळलो ते यशोगाथा म्हणून नव्हे. या उद्योगाचे पॅड हाती घेऊन संशोधकांनी युगांडातल्याच शाळांत नीट मोजमाप केलं आणि आकडे देणगीदारांच्या अपेक्षेप्रमाणे आले नाहीत. अशा कामात अशी संधी फार वेळा मिळत नाही.

आधी काय होतं

जुन्या गोमेसीचा तुकडा, म्हणजे बायकांच्या टोकदार खांद्यांच्या पायघोळ पोशाखातलं फाडलेलं कापड. फाटक्या गादीतला स्पंज. टॉयलेट पेपर. काहीच नसेल तेव्हा वहीची पानं. दुकानात एकदा वापरून टाकायचे पॅड मिळत, पण २०१७ च्या सुमारास एका पाकिटाला तीन-चार हजार शिलिंग पडत, आणि दर महिन्याला पडत. ते पैसे बहुतेक घरांत बापाकडून येणार. बापाकडे मागायचे कसे, हा प्रश्न त्याच्याकडे पैसे आहेत का या प्रश्नाच्या आधी उभा राहतो.

विकतचा पॅड टाकायचा कुठे, हाही पेच होताच. गावात कचरागाडी नाही. पॅड खड्ड्याच्या संडासात जातो, कुजत नाही आणि खड्डा वेळेआधी भरतो. शाळेचा खड्डा भरला की नवा खणायला पैसे लागतात आणि ते मंजूर होईस्तोवर मुलींची गैरसोय. पुण्यात २०१३ मध्ये ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक बायकांनी वापरलेले पॅड गोळा करून ते बनवणाऱ्या कंपन्यांना परत धाडले होते. कचरा उचलणारी माणसं असली तर निदान तो प्रश्न कुणाच्या तरी टेबलावर जाऊन पडतो. किटेन्गेसात तो खड्ड्यातच राहतो.

म्हणून धुऊन वापरायचा पॅड हे उत्तर दिसायला चोख होतं. वर अंगाला लागणारा मऊ थर, मध्ये शोषून घेणारं कापड, खाली पाणी न झिरपणारं कापड, दोन्ही बाजूंना विंग्ज आणि त्या निकरभोवती अडकवायला टिचबटण. चार पॅडचा संच, ठेवायला पिशवी आणि नीट वापरला तर वर्षभर किंवा जास्त टिकणार. एकदा खर्च केला की पुढचे बारा महिने दुकानात जायला नको. शिवाय शिलाईचा रोजगार गावातच.

एक पॅड धुवायचा म्हणजे

इथे जरा थांबू, कारण सगळं प्रकरण इथेच अडकलेलं आहे.

वापरलेला पॅड आधी थंड पाण्यात भिजवायचा. गरम पाणी चालत नाही, त्यानं रक्तातली प्रथिनं गोठतात आणि डाग कायमचा बसतो. मग साबण लावून चोळायचा. पिळायचा. पाणी नितळ येईपर्यंत पुन्हा पुन्हा खळबळायचा. साबण आत राहिला तर कापड कडक होतं आणि अंगाला घासतं. मग उन्हात वाळवायचा.

आता पाणी बघा. युगांडाच्या खेड्यात पाणी पिवळ्या प्लास्टिकच्या जेरीकॅननं येतं. वीस लिटर, म्हणजे वीस किलो, आणि बहुतेकदा ते डोक्यावर आणणारी तीच मुलगी. त्या वीस लिटरमध्ये स्वयंपाक, भांडी, आंघोळी, धाकट्या भावंडांचं सगळं. त्यातून बादलीभर पाणी कोपऱ्यात नेऊन ती काय धुतेय, हे घरात कुणाच्या नजरेतून सुटेल?

साबणाची वडी घरात एकच. तिच्यातच कपडे, भांडी, अंग.

आणि दोरी. हिशेब करून पाहा. पहिल्या दोन दिवसांत दिवसरात्र मिळून तीन ते चार वेळा बदलावं लागतं. संचात पॅड चार. एक अंगावर, बाकीचे तीन धुण्यात नाहीतर दोरीवर. कडक ऊन असेल तर काही तासांत वाळतात आणि चक्र फिरत राहतं. पण युगांडाच्या या भागात पाऊस वर्षातून दोनदा येतो, मार्च ते मे आणि पुन्हा सप्टेंबर ते नोव्हेंबर. झडीच्या दिवसांत तीन थरांचं कापड दोन दिवसांतही धड वाळत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलीकडे कोरडा पॅड एकही नसतो. मग ओलसरच लावायचा, नाहीतर गोमेसीचा जुना तुकडा पुन्हा बाहेर काढायचा.

ऊन असलं तरी ते सगळ्यांसमोर असतं. पाळीचं रक्त परक्याच्या नजरेस पडलं तर करणी होईल, मूल होणार नाही, अशी भीती तिथे अनेक घरांत आहे. म्हणून पॅड गादीखाली जातात, लुंगीवजा कापडाखाली झाकून वाळत घातले जातात, संडासाच्या आडव्या लाकडावर टांगले जातात. आपल्या आजीच्या पिढीनं लुगड्याच्या घड्या गोठ्यामागे, दुसऱ्या धडुत्याखाली वाळवल्या, त्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. सावलीत ओलं राहिलेलं कापड कुबट वास धरतं, खाज सुटते. त्यात तिकडे एक जादा धास्ती आहे. मँगो फ्लाय नावाची माशी सावलीतल्या ओलसर कपड्यांवर अंडी घालते आणि अळी माणसाच्या कातडीत शिरते. म्हणून लोक वाळलेल्या कपड्यांवरून कोळशाची इस्त्री फिरवतात. प्लास्टिकचा थर असलेल्या पॅडवर तापलेली इस्त्री कशी फिरवणार?

निकरची गोष्ट तर वेगळीच. टिचबटणाचा पॅड अडकवायला निकर हवी, अंगाला घट्ट बसणारी हवी आणि धुण्यापुरती तरी दुसरी हवी. बऱ्याच मुलींकडे तीच नसते. अनुभवी संस्था आता संचात दोन-तीन निकर घालतात. पण निकर घातली की संचाची किंमत वाढते आणि देणगीदाराच्या तक्त्यात ‘लाभार्थी मुली’ कमी दिसतात. हा व्यवहार मला या क्षेत्रातला सगळ्यात खोटा वाटतो. निकर नसलेल्या मुलीला टिचबटणाचा पॅड म्हणजे खिळा नसलेल्या घरी दिलेलं कॅलेंडर.

कामुलीतलं मोजमाप

पूर्वेला बुसोगा प्रांतात कामुली जिल्हा आहे. भाषा वेगळी, लुसोगा. इथल्या ८ शाळांत ऑक्सफर्ड विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी ११२४ मुलींना घेऊन चाचणी केली आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापले. शाळांचे चार गट. एका गटाला धुऊन वापरायचे पॅड आणि वयात येण्याबद्दलचं शिक्षण, दुसऱ्याला फक्त पॅड, तिसऱ्याला फक्त शिक्षण, चौथ्याला काहीच नाही. मग सुमारे दोन वर्षांनी हजेरी मोजली.

हजेरी सगळीकडे घसरली होती. हे आधी नीट ऐकायला हवं, कारण अहवालांतून ते वाक्य हमखास गळतं. फरक असा की ज्या शाळांना काहीच मिळालं नव्हतं तिथली घसरण इतरांपेक्षा १७.१ टक्क्यांनी जास्त होती. म्हणजे मदतीनं हजेरी वाढली नाही, पडता पडता थोडी सावरली. आणि खरी मेख पुढे आहे. पॅड मिळालेल्या, शिक्षण मिळालेल्या आणि दोन्ही मिळालेल्या गटांत काहीही फरक निघाला नाही. नुसतं कुणीतरी येऊन बोललं, तरी तेवढंच झालं.

तेच संशोधक त्याआधी घानात गेले होते. तिथे छोट्या अभ्यासात टाकायचे पॅड दिले होते. तिथेही पाच महिन्यांनी, नुसतं शिक्षण मिळालेल्या मुलींची हजेरी पॅड मिळालेल्यांच्या बरोबरीला आली होती.

यावरून ‘पॅड नकोतच’ असा निकाल काढणारे भेटतात. मला तो उतावळेपणा वाटतो. आठच शाळा, त्या चार गटांत वाटलेल्या, आणि मधल्या काळात शाळा सोडलेल्या, बदललेल्या मुली पुष्कळ. चाळणीची भोकं इतकी मोठी की बारीक फरक निसटणारच. पण एक गोष्ट पक्की: आत्याची जागा रिकामी होती. ती कुणीतरी भरली, मुलीला सांगितलं की हा आजार नाही, दर महिन्याला येणार आहे, डाग पडला तर असं करायचं, तर शाळेत जायची भीती कमी होते. पॅड वाटायला आलेली बाईही दोन शब्द बोलतेच. त्यामुळे ‘फक्त पॅड’ हा गट कागदावर जितका वेगळा दिसतो तितका वर्गात वेगळा राहिला असेल का, याची मला शंका आहे.

याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या पाहणीत पाळी सुरू झालेल्या २०५ मुलींना विचारलं होतं. स्वच्छ शोषक कापड, पुरेशा वेळा बदलणं, साबणपाण्यानं अंग धुणं, टाकण्याची नीट सोय आणि आडोसा, एवढ्या सगळ्या कसोट्या धरल्या तर ९०.५ टक्के मुली अपुऱ्या सोयीत होत्या. या कसोट्यांत पॅड फक्त पहिली. बाकीच्या चार पाण्याच्या, भिंतीच्या, दाराच्या कडीच्या आहेत, आणि त्या कुठल्या पिशवीत घालून वाटता येत नाहीत.

‘आफ्रिकेत दर दहा मुलींमागे एक पाळीमुळे शाळा चुकवते’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. फार फिरतं. त्याच्या मुळाशी गेलेल्यांना मागे भक्कम अभ्यास सापडलेला नाही. शाळा बुडतच नाही असा याचा अर्थ नव्हे. पण हजेरीच्या आकड्यावरच पॅडचा खटला उभा केला आणि उद्या आकडा हलला नाही, तर पॅडही जातात आणि मुलगीही. डाग दिसेल म्हणून फळ्याजवळ न जाणारी मुलगी हजेरीपटावर ‘हजर’च असते.

घेणारी एक, विकत घेणारा दुसरा

आफ्रिपॅड्सचा बराचसा माल मुलींनी दुकानातून घेतलेला नाही. तो घेतला मदत संस्थांनी, संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी, ठोक भावात. २०१६ पासून दक्षिण सुदानच्या यादवीतून लोंढे आले आणि २०१७ पर्यंत युगांडात निर्वासितांची संख्या दहा लाखांवर गेली. छावण्यांत बायकांना द्यायच्या पिशव्यांत धुऊन वापरायचे पॅड जाऊ लागले. छावणीत दर महिन्याला नवं पाकीट पोचवण्यापेक्षा वर्षाला एक संच परवडतो, हे उघड आहे. पण निर्वासित छावणीतलं पाण्याचं उद्दिष्ट माणशी दिवसाला २० लिटर, म्हणजे एक जेरीकॅन. मघाचा हिशेब तिथेही सुटत नाही.

ठोक विक्रीत एक खोट राहते. दुकानात बाईला माल आवडला नाही तर ती पुन्हा घेत नाही आणि दुकानदाराला कळतं. इथे मुलीला नाही आवडलं तर ती पॅड गादीखाली ठेवून देते, संस्थेच्या नोंदीत ‘वाटप पूर्ण’ होतं आणि पुढच्या वर्षी तसाच माल पुन्हा येतो. म्हणून चांगल्या संस्था वाटपानंतर सहा महिन्यांनी परत जाऊन विचारतात. ‘वापरता का?’ असं विचारलं की सगळ्या ‘हो’ म्हणतात. ‘काल कुठे वाळत घातला होता?’ हा प्रश्न जास्त खरं बोलायला लावतो.

सरकारचं म्हणाल तर ते थोडक्यात आटपतं. निवडणुकीच्या प्रचारात राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींनी शाळकरी मुलींना मोफत पॅड देण्याचं वचन दिलं. २०१७ च्या फेब्रुवारीत शिक्षणमंत्री, म्हणजे त्यांच्याच पत्नी जॅनेट मुसेवेनी, यांनी संसदीय समितीला सांगितलं की यासाठी पैसे नाहीत. मकेरेरे विद्यापीठातल्या संशोधक स्टेला न्यांझी यांनी मग लोकवर्गणीतून पॅड जमवायची मोहीम काढली, समाजमाध्यमावर राष्ट्राध्यक्षांबद्दल अत्यंत शिवराळ लिहिलं आणि एप्रिलमध्ये त्यांना अटक झाली. महिनाभर तुरुंगात काढून त्या जामिनावर सुटल्या. पॅड हा शब्द युगांडाच्या वर्तमानपत्रांत त्या दोन महिन्यांत जितका छापला गेला तितका आधी कधी छापला गेला नसेल. आत्या जे कुजबुजून सांगायची ते पहिल्या पानावर आलं. शेजारच्या केनियानं त्याच वर्षी शाळकरी मुलींना मोफत पॅड द्यायचा कायदा केला.

कप का नाही?

हा प्रश्न हमखास येतो, आणि रास्त आहे. पाळीचं रक्त साठवायला योनीत बसवायचा सिलिकॉनचा कप कित्येक वर्षं टिकतो, दोरीवर वाळवावा लागत नाही, मुठीत मावतो. पश्चिम केनियातल्या सिआया भागात ३० प्राथमिक शाळांत कप आणि पॅड यांची चाचणी झाली, तिचे निष्कर्षही २०१६ चेच. शाळा सोडण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. पण लैंगिक संबंधातून होणारे संसर्ग, काहीच न मिळालेल्या गटात ७.७ टक्के होते, ते कपवाल्या मुलींत ४.२ आणि पॅडवाल्यांत ४.५ टक्के निघाले. जाणकार त्याचा संबंध पॅडच्या पैशासाठी मुलींनी पुरुषांवर अवलंबून राहण्याशी जोडतात, आणि त्या भागात हे गुपित नाही.

कपाला सवय लागायला मात्र महिने जातात. सुरुवातीला भीती, दुखणं, हरवला तर काय ही धास्ती. जोडीला समजावणारी नर्स नसेल तर तो डबीतच राहतो. आणि दर महिन्याला तो उकळायचा कशात? घरात पातेली दोन, त्यातच मक्याच्या पिठाचा पोशो शिजतो. मुलीनं त्यात कप उकळलेला आईला चालेल का, हे कंपालात किंवा लंडनमध्ये बसून ठरत नाही. कौमार्याची शंका हा आणखी एक अडसर, तो आपल्याला समजावून सांगायला नकोच.

म्हणून मी कप विरुद्ध पॅड अशा भांडणात पडत नाही. बंद न्हाणीघर आणि स्वतःचं पातेलं असलेल्या बाईला कप सोयीचा. ऊन आणि आडोशाची दोरी असलेल्या मुलीला पॅड. बाराही महिने ओल असलेल्या झोपडीत राहणाऱ्या मुलीला कदाचित टाकायचाच पॅड बरा, खड्ड्याची सोय लावून.

दोरीचा तोडगा

या प्रश्नावर मला सगळ्यात पटलेली युक्ती ‘डेज फॉर गर्ल्स’ या संस्थेची आहे. ती २००८ मध्ये केनियातल्या एका अनाथाश्रमाच्या निमित्तानं सुरू झाली. आधी त्यांनी टाकायचे पॅड दिले, पण वापरलेले पॅड टाकायला तिथे जागाच नव्हती. मग धुवायचे दिले, ते पांढरे, आणि त्यावर डाग उठून दिसू लागले. मुलींनी सांगितल्यावर गडद रंगाचं, फुलाफुलांचं कापड आलं. आणि पॅडची शिवणच बदलली. पाणी अडवणारं एक आवरण निकरला टिचबटणानं बसतं आणि आतली शोषक घडी सुटी निघते. ती उलगडली की साधा चौकोनी रुमाल होतो. थर सुटे झाल्यानं पाणी कमी लागतं, लवकर वाळतो, आणि अंगणातल्या दोरीवर भावाच्या शर्टाशेजारी लटकला तरी तो कशाचा आहे हे शेजाऱ्याला कळत नाही.

किटेन्गेसासारख्या गावासाठी संच मागवणाऱ्या कुणी मला विचारलं, तर मी आधी एप्रिलमध्ये तिथे दोन दिवस राहायला सांगेन. घराघरांत किती जेरीकॅन येतात ते मोजा. शाळेच्या मुलींच्या संडासाला आतून कडी आहे का, ते ओढून बघा. संच चारऐवजी सहाचा केला आणि त्यात दोन निकर व साबणाची वडी घातली तर मुली किती कमी होतात, तो आकडा देणगीदारासमोर सरळ ठेवा. शाळेमागे पत्र्याचं छप्पर टाकून तीन बाजूंनी बंद, चौथ्या बाजूनं ऊन घेणारा वाळवणाचा आडोसा उभा करा, किल्ली एखाद्या शिक्षिकेकडे ठेवा. आणि गावात बोलकी सेंगा कोण आहे ते शोधा. बहुतेकदा ती बाजारात टोमॅटो विकत बसलेली सापडते, आणि तिला त्या दिवसाची मजुरी द्यावी लागते.